मूठ

दळणाची बाजरी पाखडून झाली की आई
एक मूठ डालड्याच्या डब्यात टाकायची,
देवाची म्हणून.
नेवाशाकडे पाऊस नव्हता त्या दोन वर्षांतही टाकायची,
मूठ फक्त जरा लहान वळायची
आणि चोरून हसायची,
जणू देवाच्या लक्षात येणार नाही.

इथे ग्रिम्सबीत माझ्याकडे बाजरी नाही.
मिनिटं आहेत.
कंपनी एका घराला पंधरा देते:
दार, गोळ्या, टोस्ट, चहा, सही.
फोनमधलं ॲप आत जाताना मला हिरवं करतं
आणि सोळाव्या मिनिटाला लाल.
पगार हिरव्याचा.

मी पाच मिनिटं वेगळी काढते.
कुणाला सांगितलेलं नाही.
मिसेस ब्लँचर्डच्या केसांची गुंतवळ सोडवायला,
कधी नुसतंच बसायला, कोट न काढता,
कारण कोट काढला की मग उठवत नाही.

टेड कटिंग, वय सत्त्याऐंशी,
जन्म ट्रॉलरवर गेलेला.
आइसलंडच्या बाजूला, फेब्रुवारीत, त्याचा भाऊ पाण्यात गेला.
पहिल्याच दिवशी माझ्या गळ्यातला क्रूस पाहून म्हणाला,
तुझा तो त्या रात्री बोटीवर नव्हता, पोरी.
मी उकडलेलं अंडं सोलत होते.
उत्तर असतं तर दिलं असतं.
आमच्या पाळकसाहेबांकडे होतं,
माझा भाऊ गेला तेव्हा त्यांनी ते तीन रविवार पुरवलं होतं.
त्यातलं एकही मी सोबत आणलं नाही,
बॅगेला तेवीसच किलो होते.
मी विचारलं, मीठ हवं?
म्हणाला, हवं.

प्रार्थना मी पहाटेच्या बसमध्ये करते,
काचेला डोकं टेकून.
शब्द फार नसतात.
प्रभू, गुडघा.
प्रभू, मिसेस ब्लँचर्डचा जिना.
प्रभू, विजेच्या मीटरमध्ये चार पौंड, आणि शुक्रवार लांब.
कधी आमेनच्या आधीच डोळा लागतो
आणि जाग येते ती बरोबर माझ्या स्टॉपला.
याला मी चमत्कार म्हणत नाही.
ड्रायव्हर मुद्दाम खोकतो.

नोव्हेंबरात ऑफिसातून फोन आला:
तुझं लाल फार होतंय, एस्तेर.
हो म्हणाले.
दोन आठवडे घड्याळाला धरून वागले.
गोळ्या, टोस्ट, सही, दार.
डबा रिकामा, पगार बरोबर.
झोप मात्र बसमध्येसुद्धा येईना.

तिसऱ्या सोमवारी टेडकडे गेले
तर फळीवरचं घड्याळ सात दहावर थांबलेलं.
सेल संपला असेल म्हणून उचलून पाहिलं,
मागची खाच रिकामी.
म्हातारा खिडकीबाहेर सीगलकडे बघत होता
फार लक्ष देऊन,
आणि त्याची उजवी मूठ मिटलेली होती.

मी काही विचारलं नाही.
फोन पालथा ठेवला.
कोट काढला.

आर्थर, तो म्हणाला. पोहता येत नव्हतं त्याला.
आमच्यात कुणालाच येत नसे.

शमुवेल, मी म्हणाले. विहिरीत.
त्याला येत होतं.

मग बराच वेळ किटलीच काय ती बोलली.

पुढच्या घरी उशीर झाला.
मिसेस ब्लँचर्ड रागावल्या, आणि त्यांचं बरोबर होतं,
उपाशी माणसाला माझ्या डब्याशी काय करायचंय.
त्या महिन्यात अकरा पौंड कापले.
मीटरमधले चार पुरले, असं सांगायला मला आवडलं असतं.
पुरले नाहीत. गुरुवारी रात्री वीज गेली.
अंधारात, ब्लँकेट गुंडाळून,
मी मोठ्यानं प्रार्थना केली,
खूप दिवसांनी पूर्ण, आमेनपर्यंत.
त्यात टेडचं नाव होतं, आर्थरचं होतं,
ऑफिसातल्या त्या बाईचंसुद्धा, जरा घाईत.

आणि चोरून हसले.
आई, या वेळी मूठ लहानच वळली गं.